वहीत नाव नसलेला मजूर

शास्त्रपाठ : लूक, अध्याय १९, ओव्या १ ते १०, याकोब, अध्याय ५, ओवी ४.

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले की मुरबाडच्या नाक्यावर एक देखावा दरसाल दृष्टीस पडतो. वीटभट्टीच्या मालकाने धाडलेला टेंपो रस्त्याच्या कडेला उभा असतो. त्यात आधी गोधड्या, पातेली, कोयता व टोपलीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या चढतात. मग म्हातारी, मग पोरे, आणि शेवटी नवरा-बायको. एखादा कुत्रा टेंपोमागे शंभर पावले धावतो आणि थांबतो. धसईकडची, टोकावड्याकडची, शहापूर तालुक्यातील डोळखांब-किन्हवलीकडची ही कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या बाजूच्या भट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आला म्हणजे परत फिरतात. आपण तेथेच एस. टी.ची वाट पाहात उभे असतो. कोणीतरी म्हणतो, ‘चालले कातकरी.’ आकाशातून बगळ्यांची रांग गेली म्हणजे आपण ज्या स्वराने बोलतो, तोच हा स्वर.

आम्हीही पुष्कळ वर्षे त्याच स्वराने बोलत आलो. त्या स्वरात काय दडलेले आहे याचा विचार करण्यास आम्हास भाग पाडले ते शब्बाथ शाळेतील एका लहान मुलाने. त्याच्या वडिलांचे बाजारात किराण्याचे दुकान आहे. तो म्हणाला, ‘पाळकसाहेब, आमच्या दुकानात रोज संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला येतो. शाळेच्या पुस्तकात लिहिले आहे की आफ्रिकेच्या रानात पिग्मी लोक राहतात. ते आणि हा एकच काय?’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु घरी जाऊन पाहता प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने गरीब लोकांकडून रोज थोडे थोडे पैसे दारी जाऊन गोळा करण्याची योजना काढली व ठेव लहान म्हणून तिला ‘पिग्मी’ हे नाव दिले. योजना चांगली होती. तिने पुष्कळांचे संसार सावरले. तरी माणसांच्या एका समुदायाचे नाव झिजत झिजत आमच्या बाजारात लहान रकमेचे नाव होऊन बसावे, हे कसे झाले?

ते नाव त्या लोकांनी स्वतः घेतलेले नाही. ग्रीक भाषेत कोपरापासून मुठीपर्यंतच्या मापास जो शब्द आहे, त्यावरून ते निघाले. मराठीत सांगावयाचे तर ‘हातभर माणसे’. अशी हातभर माणसे क्रौंच पक्ष्यांशी लढतात, ही ग्रीकांची कथा होती. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रवासी मध्य आफ्रिकेच्या घनदाट अरण्यात शिरले, तेथे उंचीने लहान अशी माणसे त्यांना भेटली, आणि जुन्या कथेतील नाव त्यांनी या जिवंत माणसांवर ठेवून दिले. त्यांची नावे त्यांना विचारण्याची कोणास गरज भासली नाही. नावे तर पुष्कळ होती व आहेत. काँगोमधील इतुरीच्या अरण्यात म्बुटी व एफे राहतात. पश्चिमेकडे कॅमेरून, गॅबन व त्यांच्या शेजारच्या देशांत अका व बाका राहतात. रवांडा, बुरुंडी व युगांडा येथे ट्वा लोक आहेत. यांतील पुष्कळ पुरुष पाच फुटांहून कमी उंचीचे असतात, एवढ्या एका गोष्टीवरून या सर्वांची एकच मोट बांधली गेली.

आमच्या मंडळ्यांतील जे बंधू रानाच्या कडेला वाढले, त्यांना या लोकांची राहणी परकी वाटणार नाही. झाडावर मध कोठे आहे हे ते माशीच्या उडण्यावरून ओळखतात. म्बुटी लोक रानात जाळी लावतात, बायका-पोरे झुडपे बडवीत हाकारा करतात आणि शिकार जाळ्याकडे पळत येते. कंद, अळिंबी, मध व मांस घेऊन ते रानाबाहेरच्या शेतकऱ्यांच्या गावी जातात व त्यांच्याकडून केळी, कसावा, लोखंडाची पाती आणतात. त्यांच्यापैकी बहुतेक आज शेजारच्या शेतकऱ्यांच्याच भाषांसारख्या भाषा बोलतात. अका लोकांचे गाणे असे आहे की प्रत्येक कंठ आपला निराळा सूर धरतो आणि सर्व मिळून एकच गीत होते. जगातील जपून ठेवण्याजोग्या ठेव्यांत युनेस्कोने २००३ साली त्या गायनाची गणना केली. आपल्या उपासनेतील गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना दहा जणांनी एक सूर धरणे किती कठीण आहे हे माहीत आहे. दहा जणांनी दहा सूर धरून ते जुळविणे हे काय असेल, याची कल्पना त्यांनीच करावी.

परंतु गावातला शेतकरी त्यांना ‘आपली’ माणसे समजतो, ती ‘माझा बैल’ म्हणावा त्या अर्थाने. अनेक ठिकाणी एकेका कुटुंबाचा एकेक धनी ठरलेला असतो. त्याने मीठ दिले, कापड दिले, तंबाखू दिली, की ते ऋण. आणि ते फेडण्यासाठी शेतात राबावयाचे. बापाचे ऋण मुलाकडे येते. प्रियजनहो, येथे आम्ही वाचता वाचता थांबलो. कारण हे आफ्रिकेतील वर्तमान नसून आमच्या नाक्यावर उभ्या असलेल्या टेंपोची गोष्ट आहे असे आम्हास वाटू लागले.

त्याच वाचनात ओटा बेंगा नावाच्या एका तरुणाची कथा आली. ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हा काँगोतील. राजा लिओपोल्डच्या शिपायांनी त्याची बायको व मुले मारली, व तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला असे सांगतात. तेथून एका अमेरिकन गृहस्थाने मीठ व कापड यांच्या मोबदल्यात त्यास सोडविले व १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात नेऊन लोकांपुढे उभे केले. हा गृहस्थ पूर्वी काँगोत मिशनचे काम केलेला होता. हे लिहिताना आम्हास लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून वगळले तर उरलेले सांगण्याचा आम्हास अधिकार राहणार नाही. १९०६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगास माकडांच्या घरात, एका ओरांगउटानच्या सोबत ठेवण्यात आले. पिंजऱ्याजवळ पाटी लाविली. तीत त्याचे नाव होते, वय होते, उंची होती, वजन होते, आणि त्यास कोणी आणले त्या गृहस्थाचेही नाव होते. हजारो माणसे पाहावयास येत. नाव पाटीवर असूनही त्या गर्दीतील कोणी त्यास त्या नावाने हाक मारली असेल, असे आम्हास वाटत नाही.

त्यास बाहेर काढण्यासाठी धावून कोण आले? न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय बाप्तिस्त पाळक. त्यांचे पुढारी रेव्हरंड जेम्स गॉर्डन हे ब्रुकलिन येथील अनाथालयाचे अधीक्षक होते. ज्यांचे आई-बाप गुलामगिरीत विकले गेले होते, त्यांना पिंजऱ्यातील मनुष्य लगेच ओळखता आला. त्यांनी वर्तमानपत्रांतून व नगराधिकाऱ्यांपुढे तक्रार केली, आणि महिना संपण्याच्या सुमारास ओटा बेंगा अनाथालयात राहावयास आला. पुढे तो व्हर्जिनियातील लिंचबर्ग गावी राहिला, शाळेत गेला, तंबाखूच्या कारखान्यात खपला. रीतीप्रमाणे टोकदार केलेल्या त्याच्या दातांवर लोकांनी टोपणे बसवून दिली. त्यास घरी परत जावयाचे होते. युरोपात युद्ध सुरू झाले, समुद्रप्रवास दुरापास्त झाला. आणि १९१६ च्या मार्च महिन्यात त्याने आपल्याच हाताने आपले जीवन संपविले. त्या प्राणिसंग्रहालयाच्या चालकांनी या गोष्टीबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२० साली.

मिशनच्या कामास केवळ दोष देऊन पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. वरील गृहस्थ ज्या प्रेस्बिटेरियन मिशनचे होते, त्याच मिशनचे विल्यम शेपर्ड हे कृष्णवर्णीय मिशनरी काँगोत असता १८९९ साली एका छावणीत शेकोटीवर धुरावीत ठेवलेले ८१ तोडलेले उजवे हात त्यांनी मोजले. त्यांनी ते लिहून काढले, जगाला सांगितले. पुढे रबराच्या कंपनीने त्यांच्यावर खटला भरला. १९०९ साली ते निर्दोष सुटले. एकाच मंडळाने धाडलेली ही दोन माणसे, आणि दोघांनीही मोजमाप केले. एकाने उंची मोजली, दुसऱ्याने हात मोजले.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. कातकरी या नावात काथ आहे. खैराच्या झाडाचा गाभा काढून त्याच्या ढलप्या करावयाच्या, त्या मडक्यांत पाण्याबरोबर उकळावयाच्या, तो अर्क आटवून त्याच्या वड्या वाळवावयाच्या. तो हा काथ. तुम्ही-आम्ही विड्यात घालतो तो. पाऊस गेला की ही कुटुंबे भट्ट्या-मडकी घेऊन रानात जात व चार महिने तेथेच राहात. हा धंदा होता, त्यात कसब होते, आणि कोणाचे मिंधेपण नव्हते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारने राने राखीव केली, खैरावर बंदी आली, आणि ज्यांच्या नावातच धंदा होता, त्यांच्या हाती केवळ नाव राहिले. मग ते कोळशाच्या भट्ट्यांवर व्यापाऱ्यांचे कोळसेवाले झाले, शेतकऱ्यांचे गडी झाले, आणि आता विटा पाडतात. युगांडात बविंडीच्या रानातून ट्वा लोकांना १९९१ साली बाहेर काढण्यात आले, कारण तेथे गोरिल्लांसाठी राष्ट्रीय उद्यान करावयाचे होते. गोरिल्ला राखावेत, त्यास आमची ना नाही. आमच्या शहापुरात तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, मागून भातसाचे झाले. मुंबई ते पाणी पिते, आणि याच शहापुरातील पाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात हंडा घेऊन मैल मैल चालतात. दूरच्या माणसाचे कल्याण करावयाचे झाले म्हणजे रानातल्या माणसाला सरकावयास सांगणे सर्वात सोपे पडते.

त्याची झोपडी ज्या जमिनीवर उभी असते, ती बहुधा त्याची नसते. कोणा कुळवाड्याने आजोबांच्या काळी ‘राहा तिथे’ म्हटले, म्हणून वाडी वसली. सातबाऱ्यावर नाव कुळवाड्याचे. जमिनीस भाव नव्हता तोवर कोणी काही बोलले नाही. आता भाव आला, तेव्हा कुंपणे येऊ लागली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात लिहून ठेवले आहे की हे लोक रामाला साह्य करणाऱ्या वानरांपासून आपली उत्पत्ती सांगतात. ते सांगतात ते अभिमानाने. आमच्या गावांतील पोरे तेच घेऊन त्यांना चिडवितात. शेतातील उंदराची बिळे खणून तो आपल्या वाया गेलेल्या भाताच्या लोंब्या बाहेर काढतो, उंदीरही मारतो, म्हणजे आपल्याच शेताची राखण करतो. तरी ‘उंदीरखाऊ’ म्हणून आपण नाक मुरडतो. भारत सरकारने १९७५ च्या सुमारास ज्या आदिवासी जमातींची ‘आदिम’ म्हणून निराळी नोंद केली, त्यांत महाराष्ट्रातील तीन आहेत : कातकरी, कोलाम व माडिया गोंड. ठाकूर, वारली, महादेव कोळी हेही आदिवासीच. पण त्यांच्याही पंक्तीस कातकऱ्यास मागे बसावे लागते.

आणि आमच्या पंक्तीस? येथे आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत, त्याची क्षमा असावी. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे वेशीबाहेर राहात होते. त्यांना पाणी वरून ओतले जात होते. त्यांना कोणी नावाने हाक मारीत नसे. मारलीच तर नाव मोडून, शेपटी तोडल्यासारखी. सुवार्तेचा निरोप त्यांना गोड का वाटला, हे विसरलो आहोत काय? त्यांच्यापैकी एकाचा नातू आज दहा गुंठ्यांचा, एका दुकानाचा, कोठे कोठे तर भट्टीतील भागीचाही मालक आहे. देवाने दिले, त्याचे त्यास यश असो. पण तो नातू वाडीवरच्या मनुष्यास ‘ए कातकऱ्या’ म्हणून हाक मारतो. न्यूयॉर्कच्या त्या पाळकांना पिंजऱ्यात आपला भाऊ दिसला, कारण ते आपले घराणे विसरले नव्हते.

आम्ही दुसऱ्याचे सांगत नाही, स्वतःचेच सांगतो. गेल्या ज्येष्ठाच्या आरंभी, पाऊस पडण्यापूर्वी, आमच्या उपासनामंदिराच्या आवाराच्या भिंतीचा पाया खणावयाचा होता. भट्टीवरून नुकतेच परतलेले एक कातकरी कुटुंब कामास आले. नवरा, बायको व मोठी मुलगी. मनुष्य अंगाने लहानखुरा, पण मुरुमावर पहार चालवावी ती त्याने. त्यास आम्ही उचल दिली, तांदूळ दिले, आणि सर्व वहीत लिहिले. काम संपल्यावर हिशेब केला. आम्ही म्हणालो, ‘तुझ्याकडे ४०० रुपये फिरतात.’ तो ‘जी’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती तिघे पुन्हा आली, माती सारली, दगड वाहिले, व आम्ही ‘फिटले’ म्हणेपर्यंत थांबली. फिटले म्हणण्यात आम्हास आपल्या उदारपणाचे थोडे समाधानही वाटले, हे कबूल करतो.

दिवाळीनंतर मंडळीचे हिशेब तपासण्यास आमच्या मंडळीचे वयोवृद्ध वडील बसले. चष्मा पुसून त्यांनी दोन ओळींवर बोट ठेवले. तांदळाचे ४०० रुपये एकदा ज्या दिवशी दिले त्या दिवशी लिहिले होते, आणि पुन्हा एकदा आठवड्याच्या बेरजेत. म्हणजे त्याच्याकडे काहीच फिरत नव्हते. आम्ही म्हणालो, ‘हातचूक झाली.’ वडील म्हणाले, ‘होय, पाळकसाहेब. पण अशी चूक दर वेळी आपल्याच बाजूला कशी पडते?’ नंतर त्यांनी नावाच्या रकान्याकडे पाहिले. तेथे आमच्याच अक्षरात लिहिले होते : ‘कातकरी, माणसे ३.’

आम्ही ४०० रुपये घेऊन वाडीवर गेलो. वाडी जवळजवळ रिकामी होती. कारवीच्या कुडांची दारे सुंभाने बांधलेली. एका खोपटापुढे एक म्हातारी बसली होती. तिने विचारले, ‘कोन पायजे, बाबा?’ आम्ही तोंड उघडले, आणि आमच्या लक्षात आले की आम्हास सांगण्यासारखे काही नाही. आम्ही म्हणालो, ‘आमच्याकडे पायाच्या कामास आला होता तो... कातकरी.’ ती आमच्याकडे पाहात राहिली. तिला राग आला नव्हता. तिला कोडे पडले होते. म्हणाली, ‘इथं समदीच कातकरी. त्याला नाव नाय का?’

प्रियजनहो, या शब्दांनंतर आम्ही लूककृत शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय पुन्हा काढून वाचला. आपल्याला जक्कयाची गोष्ट पाठ आहे. मुले तर ती उंबराच्या झाडाचे चित्र काढून सांगतात. जक्कय ठेंगणा होता ही गोष्ट शास्त्र लपवीत नाही; गर्दीमुळे त्यास प्रभू दिसेना हे सांगावयाचे असल्यामुळे ते एकदा सांगते आणि पुढे जाते. यरीहोच्या लोकांनी त्यास किती नावे ठेवली असतील! ठेंगू तर असेलच, शिवाय जकातदार, म्हणजे लुटारू. प्रभू मात्र झाडाखाली थांबतो, वर पाहतो, आणि पहिला शब्द उच्चारतो तो त्याचे नाव. कोणी त्यास ते आधी सांगितले होते असे तेथे लिहिलेले नाही. हे नाव उच्चारले गेल्यावरच जक्कय खाली उतरतो, दार उघडतो, आणि मग, कोणी न विचारता, वही उघडतो. कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन, असे तो म्हणतो. पाहा, उंचीने लहान तो येथे धनको आहे, व शरीराने मोठे ऋणको त्याच्या वहीत आहेत. तेव्हा शरीराच्या उंचीचा न्यायाशी काही संबंध नाही. वही कोणाच्या हाती आहे, याच्याशी आहे. आमच्या गोष्टीत वही आमच्या हाती होती.

लूकाच्याच सोळाव्या अध्यायात प्रभूने श्रीमंत मनुष्य व दरिद्री मनुष्य यांचा दाखला सांगितला आहे. आपण जगात पाहतो त्याच्या उलट तेथे आहे : फोडांनी भरलेला भिकारी लाजर या नावाने ओळखला जातो, आणि जांभळी वस्त्रे नेसणारा श्रीमंत निनावी राहतो. आमच्या वहीवर शिक्का होता, पाळकाची सही होती, मंडळीचे नाव होते. एक नाव तेवढे नव्हते. आणि याकोबाच्या पत्रात तर आणखी भयंकर गोष्ट आहे. शेत कापणाऱ्यांची मजुरी अडकवून ठेवली तर मजूर ओरडो वा न ओरडो, ती अडकवलेली मजुरीच ओरडते, व ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पडते, असा त्या ओवीचा आशय आहे. आमचा मजूर ओरडला नव्हता. तो ‘जी’ म्हणाला होता.

आमच्या प्रचारक बंधूंसाठी येथे काही व्यवहाराच्या गोष्टी लिहितो, कारण नुसता पश्चात्ताप वाडीवर पोहोचत नाही. भट्टीवर जाण्यापूर्वी जो बयाणा दिला जातो, त्याचा हिशेब विटांच्या हजारामागे ठरलेल्या दराने होतो. रात्री चिखल तुडवावयाचा, पहाटेपर्यंत साच्यातून विटा पाडावयाच्या, मुलांनी त्या उलटावयाच्या. आठवड्याची खर्ची मिळते ती बयाण्यात मिळवतात. अवकाळी पावसाने कच्च्या विटा भिजल्या तर पुष्कळ ठिकाणी त्या मोजत नाहीत, म्हणजे पावसाचे ऋणही मजुराच्या नावे. हंगाम संपताना ‘फिरते’ निघाले, तर पुढल्या सालीही त्याच भट्टीवर. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्याप्रमाणे असे ऋण फेडण्यासाठी मनुष्यास बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. इतकेच नाही, तर ते ऋणच कायद्याने नाहीसे होते. तक्रार तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे करावी. चौकशीअंती मुक्तीचा दाखला मिळतो, आणि तो जपून ठेवावा. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून या कामी पुष्कळ झगडा केला आहे. ते लोक आपल्या मंडळीचे नाहीत म्हणून त्यांच्याकडे जाण्यास संकोच करू नये. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्या पैशांवर मेंढपाळांकडे राबावयास ठेवली गेल्याचे उघडकीस आले, त्यात एक लहान मुलगी मरण पावली. हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, आपल्या डोळ्यांदेखत.

दुसरी गोष्ट कागदांची. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेली वनजमीन नावे होऊ शकते. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने आदिम जमातींसाठी घरे, पाणी व रस्ते यांची मोठी योजना सुरू केली. कातकरी तीत आहेत. परंतु प्रत्येक ठिकाणी जातीचा दाखला, आधार, शिधापत्रिका विचारतात, आणि तिन्हींवर नाव निरनिराळे लिहिलेले असते, कारण लिहिणाऱ्याने नीट विचारलेच नव्हते. एका कारकुनाने ऐकले ते एक, दुसऱ्याने ऐकले ते दुसरे. ज्या प्रचारकास लिहिता-वाचता येते, त्याने दिवाळीपूर्वी दोन दिवस वाडीवर जाऊन बसावे, प्रत्येकाचे नाव त्याच्याच तोंडून ऐकून लिहावे, व फॉर्म भरण्यास साह्य करावे. त्याच्या बदल्यात कोणाला उपासनेस येण्यास सांगू नये. मीठ आणि कापड देऊन माणसे मिळविण्याची रीत कोठे जाते, ते ओटा बेंगाच्या कथेत आपण वाचले.

काँगोच्या प्रजासत्ताकाने २०११ साली, व शेजारच्या मोठ्या काँगोने २०२२ साली, तेथील रानच्या लोकांच्या हक्कांसाठी कायदे केले. आमच्याकडे १९७६ चा कायदा आहेच. कायदा झाला म्हणून गावातील धनी लगेच वही फाडतो असे आफ्रिकेतही घडत नाही आणि भिवंडीतही घडत नाही. वही ज्याच्या घरी आहे त्यानेच ती उघडावी लागते. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे कातकरी गडी आहे, भारे आणणारी बाई आहे, खेकडे विकावयास येणारा मुलगा आहे, त्यांनी या शनिवारी रात्री ती काढून पाहावी. वही नसेल तर मनातली काढावी; बहुतेकांची तीच असते.

म्हातारीने आम्हास बसावयास सांगितले, पाणी दिले. ते तिने दूरच्या झऱ्यावरून आणलेले होते. आम्ही त्या मनुष्याचे वर्णन करू लागलो. लहानखुरा, पहार चांगली चालवितो. ती हसली, म्हणाली, असे तर सगळेच. मुलीविषयी विचारले. तिच्या डोक्यावरची पाटी आम्हास आठवली, चेहरा आठवेना. शेवटी तिने विचार करून सांगितले की पावसापूर्वी गावात खणण्याच्या कामास तीन घरची माणसे गेली होती. तिन्ही घरे आता पडघ्याच्या बाजूला भट्ट्यांवर आहेत, पण तिन्ही निरनिराळ्या भट्ट्यांवर. तिने तीन नावे सांगितली. आम्ही ती एकेक करून लिहिली, व तिला वाचून दाखविली. एक चुकले होते. तिने ते सुधारून दिले.

जक्कयाच्या मापाने १६०० रुपये होतात. ते एका पाकिटात घातले आहेत. वर अद्याप नाव नाही. येत्या सोमवारी पहाटेच्या एस. टी.ने आम्ही पडघ्यास उतरू व तिन्ही भट्ट्यांवर जाऊ. त्या बाजूच्या मंडळीतील कोणा बंधूस या भट्ट्यांचे रस्ते माहीत असतील तर त्यांनी नाक्यावर भेटावे.